राजहंसगडाच्या मागच्या वाटेवर एका सकाळी दोनदा आपटलो, जांबोटीकडं जायच्या आधी काय शिकू?

सायकल_नवखा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतंच वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावातल्या अनगोळचा, कामाला उद्यमबागेत, वय ३६, वजन ७८. डॉक्टर म्हणाले शुगर काठावर आलीय, काहीतरी हालचाल करा, म्हणून जूनमध्ये एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल, घेतली. २९ इंची हार्डटेल, पुढं सस्पेन्शन मागं काही नाही, केबलवाले डिस्क ब्रेक, २१ गियर. पावसाळा सगळा व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारण्यात गेला. दसऱ्यापासून जरा लांब जायला लागलो आणि आता येळ्ळूरवरून राजहंसगडाचा डांबरी चढ एकदाच थांबून होतो, आधी चारदा थांबत होतो आणि वर गेल्यावर सिद्धेश्वराच्या देवळासमोर आडवाच पडत होतो.

आज डोक्यात काय आलं कोण जाणे, म्हटलं रोज डांबरीनंच उतरायचं तर एमटीबी घेतली कशाला. गडाच्या मागच्या अंगाला गुरं उतरतात ती एक पायवाट आहे, तिकडनं घातली सायकल. सुरुवातीला मस्त, वारा, खाली भाताची पिवळी खाचरं, मग मुरमाचा उतार लागला. तुम्हाला माहीत असेल ते जांभ्याचे बारीक गोल खडे, पोरं गोट्या खेळतात तसले, सगळ्या वाटेवर पसरलेले. वळणावर ब्रेक दाबला आणि पुढचं चाक हातातनं निघूनच गेलं, डावा कोपर आणि मांडी सोलली. उठलो, म्हटलं आता हळू जायचं, हळूच जात होतो आणि पावसाच्या पाण्यानं पडलेली एक चर आली, घाबरून पुढचा ब्रेक गच्च धरला, तर सायकल जागेवर आणि मी हँडलवरून थेट करवंदीच्या जाळीत. हेल्मेट होतं म्हणून हे लिहितोय. घरी आल्यावर डेटॉल लावता लावता जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर विचारायचं असं की माझं चुकतंय कुठं? खरं स्वप्न जांबोटी ते कणकुंबी आतल्या जंगलाच्या वाटेनं करायचं आहे, डिसेंबरात जमेल काय? आणि एका दुकानात म्हणाले साहेब तुम्हाला फुल सस्पेन्शनच पाहिजे, ह्या सायकलीवर असंच पडणार, किंमत ऐकून मी चहाही न पिता बाहेर आलो. खरंच लागते काय ती?

---

कुंदाप्रेमी (रविवार, रात्री १०:०५)

करवंदीच्या जाळीत आता करवंदं नसतात बे, मे महिन्यात पडायचं होतास. बाकी लवकर बरा हो. मी पण एमटीबी घेऊन तीन वर्षं झाली, सध्या तिच्यावर टॉवेल वाळूलेत.

---

माळावरचा_वाटसरू (रविवार, रात्री ११:१२)

भावा, आधी हाडं शाबूत आहेत ना ते नीट बघ, मनगटाला उद्या सूज आली तर एक्स-रे काढ, पडताना माणूस हात टेकतो आणि ते दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं, मी दीड महिना प्लास्टरमध्ये काढलाय म्हणून सांगतो.

मुरमाचा उतार हा आपल्या भागातला सगळ्यात फसवा प्रकार. हिमाचलात जाऊन दगडातनं चालवून आलेली पोरंसुद्धा आपल्या माळावर घसरलेली बघितलीयत. दगड मोठा असला तर तो दिसतो आणि जागचा हलत नाही, हे खडे चाकाखाली बेअरिंगच्या गोळ्यांसारखे फिरतात. त्यामुळं तिथं दोन गोष्टी एकावेळी मागायच्या नाहीत, टायर एकतर वळेल नाहीतर थांबेल. तू वळता वळता ब्रेक मारलास, दोन्ही मागितलंस, त्यानं दोन्ही दिलं नाही. ब्रेक सगळा वळणाच्या आधी, सरळ असताना मारून घ्यायचा, वळणात बोट लिव्हरवर नुसतं ठेवायचं आणि सायकल सोडून द्यायची. भीती वाटते पण तसंच आहे.

दुसरं पडणं वेगळं. ते सीटमुळं. चढाला वर घेतलेली सीट उतारालाही तशीच ठेवलीस ना? उतरताना सीट चार बोटं तरी खाली घे, क्विक रिलीज (हातानं उघडायचा खटका) असेल तर अर्धा मिनिट लागतं. बूड सीटवरनं उचल, दोन्ही पॅडल आडवी एका पातळीत, गुडघे आणि कोपरं सैल, पोट खाली आणि थोडं मागं. फार मागं पण जायचं नाही, नाहीतर पुढच्या चाकावर वजनच राहत नाही आणि ते पुन्हा घसरतं. चर आली की तिच्या आत बघायचं नाही, पलीकडं बघायचं. जिकडं नजर तिकडं सायकल हे पन्नास वेळा ऐकलं असशील, पण पुढच्या वेळी चर दिसल्यावर बघ, डोळे आपोआप तिच्यातच जातात आणि मागनं आपण. आणि पुढचा ब्रेक अजिबात मारायचा नाही असं कोण सांगितलं तर ऐकू नकोस, थांबवतो तोच, फक्त एका बोटानं हळूहळू पिळायचा.

आता एक प्रश्न, टायरमध्ये हवा किती भरतोस?

---

सायकल_नवखा (सोमवार, सकाळी ७:२०)

दादा एवढं सविस्तर, खूप आभार. मनगट ठीक आहे, कोपरच तेवढा. सीट होय, वरच होती, खाली करायची असते हे माहीतच नव्हतं.

हवा टायरवर ६५ लिहिलंय, पंक्चरवाल्याकडं ६० भरून घेतो, कडक असली की डांबरीवर छान पळते.

---

माळावरचा_वाटसरू (सोमवार, सकाळी ७:३१)

हे बघ, अर्धा रोग इथंच सापडला.

---

स्पोक_नाना (सोमवार, दुपारी २:१५)

अरे लेका, ६५ म्हणजे त्या टायरला झेपणारी जास्तीत जास्त हवा, तेवढी भरा असं नाही लिहिलेलं. पंक्चरवाला बिचारा मोटारसायकली ट्रॅक्टर बघणारा, त्याला काय. ६० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप ते) टायर दगडासारखा होतो, प्रत्येक खड्यावर उडतो आणि जमिनीला टेकतो ते नखाएवढंच. ७८ किलोला, २.१ किंवा २.२ इंच रुंदीचा टायर धरतो मी, आत ट्यूब आहे, तर पुढं २८ आणि मागं ३१-३२ ठेव. एक हातपंप घे मीटरवाला, अंगठ्यानं दाबून कळत नाही, मला चाळीस वर्षं झाली तरी अंगठ्याचा अंदाज पाच-सहानं चुकतो. २५ च्या खाली मात्र ट्यूबवर जाऊ नकोस, दगडावर आपटलं की रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. ट्यूबलेसमध्ये त्याच्याही खाली जाता येतं, आत सीलंट असतं त्यामुळं काटा घुसला तरी भोक बुजतं, पण तुझी रिम त्याच्यासाठी आहे काय ते बघितल्याशिवाय टेप चिकटवून प्रयोग करू नकोस.

फुल सस्पेन्शनचं म्हणशील तर दुकानदाराला महिन्याचं भाडं भरायचं असतं, त्याच्यावर राग धरू नको पण चहा पिऊन यायला हरकत नव्हती. एक वर्ष हार्डटेलवर काढ. मागं सस्पेन्शन असलं की चुका झाकल्या जातात, हार्डटेल लगेच बुडावर सांगते. पैसे असतील तर आधी ब्रेक बदल, केबलचे काढून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, घाल, लांब उतारावर बोटं दुखत नाहीत. तोपर्यंत केबलवाल्याचं पॅड जवळ घेऊन घे, बहुतेक नव्या सायकलींत ते लांबच ठेवलेलं असतं, लिव्हर हँडलला टेकतो तरी सायकल थांबत नाही आणि मग माणूस घाबरून गच्च दाबतो. पावसात चालवलीस म्हणालास ना, मग पॅड उघडूनच बघ, आपला लाल चिखल म्हणजे पॉलिश पेपर, एका पावसाळ्यात नवीन पॅड संपलेलं बघितलंय मी.

ब्रेकवरनं आठवलं, ही डोंगरात सायकल घालायची सगळी भानगडच ब्रेकनं सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सान फ्रान्सिस्कोच्या वर मॅरिन म्हणून भाग आहे, तिथली पोरं १९७०च्या दशकात भंगारातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरनं सोडायची. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या गड्ड्यात, उलटं पॅडल मारलं की लागणारा. एका उताराला हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरायला लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नाव पडलं रिपॅक. १९७६ साली तिथं पहिली शर्यत झाली आणि बरोबर वीस वर्षांनी, १९९६ ला, अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ गेला. तर तुझ्याकडं निदान डिस्क आहेत, तक्रार करू नको.

आणि दोनदा उजव्या का डाव्या बाजूला पडलास ते सांग. उजव्या बाजूला पडला असशील तर मागच्या डेरेलरचा (गियर बदलताना चेन सरकवतो तो भाग) हँगर, म्हणजे तो ज्या तुकड्यावर लटकतो तो, वाकला असणार.

---

जांबोटीची_लेक (सोमवार, रात्री ८:५०)

दादा, पडलात ते वाचून वाईट वाटलं आणि करवंदीचं वाचून हसूही आलं, माफ करा. माझं माहेर जांबोटीच्या पलीकडचं एक वाडीवजा गाव आहे, नाव लिहित नाही, सगळे ओळखीचे आहेत. मी स्वतः टिळकवाडीतून मैत्रिणींबरोबर सायकल चालवते म्हणून दोन्ही बाजूनं बोलू शकते.

जांबोटी ते कणकुंबी चोर्ल्याकडं जाणारा मुख्य रस्ता खुशाल करा, सुंदर आहे, फक्त गोव्याच्या गाड्या सुसाट असतात. कणकुंबीत माऊलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे तिथं पाय बुडवून बसा. पण "आतल्या जंगलाच्या वाटेनं" हे जे तुम्ही लिहिलंय ते कृपा करून डोक्यातून काढा. रस्त्याच्या एका बाजूला आत गेलात की भीमगड अभयारण्य लागतं, २०११ साली जाहीर झालेलं, साधारण १९० चौरस किलोमीटर. आतल्या वाटांवर वन खात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि पकडल्यावर "गुगल मॅपवर रस्ता दिसत होता" म्हणून चालत नाही. तिथल्या बारापेडेच्या गुहेत एक वटवाघूळ आहे जे जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं.

परवानगीचं राहू दे बाजूला, अस्वलाचं बोलते. आमच्या तालुक्यात माणसं बिबट्याला भीत नाहीत तेवढी अस्वलाला भितात. आमच्याकडं एक आजोबा होते, सकाळी शेतात जाताना वळणावर समोरासमोर आले, डोळा गेला. अस्वलाला दिसतं कमी, वारुळात तोंड घालून मुंग्या खात असलं की ऐकूही येत नाही, माणूस अगदी जवळ आल्यावर दचकतं आणि मग अंगावर येतं. चालणाऱ्या माणसाचा पाचोळ्यात आवाज होतो, बोलतो, खोकतो. सायकल आवाजच करत नाही आणि येते जोरात! एवढं लक्षात घ्या. गावातले लोक सकाळी लवकर आणि तिन्हीसांजेला एकटे जात नाहीत, आणि आपण सायकलवाले नेमके पहाटे साडेपाचला निघतो.

शिवाय आता सुगी आहे. भात कापणी चाललीय, खाचरात गवे येतात, हत्ती आला तर रात्रभर लोक फटाके वाजवत जागे असतात. काही ठिकाणी बांधाला झटक्याची तार असते, ती अंधारात दिसत नाही. आणि भात रस्त्यावर वाळत घातलेलं असतं, त्याच्यावरनं टायर नेऊ नका हो, एवढीच विनंती. गेल्या वर्षी एक ग्रुप नेला, वर फोटोही काढला, माझ्या काकूनं नंतर ज्या शिव्या घातल्या त्या मला ऐकाव्या लागल्या कारण सायकलवाली मी.

तुम्हाला जंगलाचा वासच पाहिजे असेल तर बैलूरकडचा भाग बघा, गावात विचारून, दिवसाउजेडी, तीनचार जण मिळून. मीही डिसेंबरात दोघी-तिघींना घेऊन येईन.

---

माळावरचा_वाटसरू (सोमवार, रात्री ९:३०)

ताईंच्या एकेका अक्षराला अनुमोदन. भात वाळवण्याचं तर मीही केलंय पूर्वी, लाज वाटते.

नवख्या, सरावाला लांब कशाला जायला पाहिजे. पहिला महिना मंडोळी, सावगाव, हंगरगा ह्या बाजूच्या पाणंदी धर. सपाट दिसतात पण बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात, चाकोरीतून चाक बाहेर काढायला तिथंच शिकशील. बाहेर पडताना चाक तिरकं घासवायचं नाही, पुढचं थोडं उचलून टाकायचं. मग बेळगुंदीवरून राकसकोप, धरणाच्या काठानं जाताना सकाळी धुकं असतं, आणि पुढं तुडयेवरून शिनोळीला निघायचं, बाची-तुरमुरीवरून परत. ह्या चक्करमध्ये कर्नाटक-महाराष्ट्र-कर्नाटक होतं आणि सीमा कुठं लागली ते फक्त पाट्यांवरची लिपी बदलली की कळतं. माणसं आणि शिव्या दोन्हीकडं त्याच.

ते जमलं की देवरवाडीचा वैजनाथ आणि वर महिपाळगड. चढ डांबरी आहे, दम काढतो. किल्ल्याच्या आतच गाव वसलेलं आहे, प्यायला पाणी मागितलं की गूळही मिळतो. उतरताना रस्त्याच्या कडेला मुरमाचे छोटे छोटे टप्पे आहेत, पन्नास-साठ फुटांचे. तिथं एकच टप्पा दहा वेळा कर. सायकल हातात घेऊन वर, पुन्हा खाली. कंटाळवाणं आहे, व्हिडिओ करण्यासारखं तर अजिबात नाही, पण मी त्याच्यावरच शिकलो.

एक चढाचं पण सांगतो, २१ गियरवाले बहुतेक जण पुढचा सगळ्यात छोटा दात, म्हणजे छोटी दातेरी चकती, कधी वापरतच नाहीत, लाज वाटते की काय कोण जाणे. चढ सुरू व्हायच्या आधी पुढं छोट्यावर टाक, चढात जोर देत असताना बदललंस तर चेन उतरणार. कच्च्या चढावर सीटवर बसूनच मार, उभा राहिलास की मागचं चाक मुरमात जागच्या जागी फिरतं.

---

कुंदाप्रेमी (सोमवार, रात्री ९:४४)

टॉवेल काढूलोय. राकसकोपला मी पण येतो, हळू चालवा म्हणजे झालं. परत येताना गिरमीट आणि मिरची भजी माझ्याकडून.

---

सायकल_नवखा (तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:१०)

मंडळी, उशीर झाला, कामावर ऑर्डरची गडबड होती. पण सांगितलेलं सगळं केलं.

सगळ्यात आधी हवा. पुढं २८ मागं ३१. पहिल्या दिवशी वाटलं पंक्चर झालीय, दोनदा उतरून टायर दाबून बघितलं. पण मुरमावर गेलो आणि नाना, शप्पथ सांगतो, दुसरीच सायकल! पूर्वी टरटर उडत होती ती आता जमीन धरून चालली. नुसत्या हवेनं एवढा फरक पडत असेल तर मी चार महिने काय करत होतो असं झालं. पॅड उघडलं तर एका बाजूचं कागदाएवढं उरलं होतं, ते बदललं.

दोन रविवार मंडोळीच्या पाणंदीत घातले. तिथं एकदा पडलो पण ते पडणं म्हणण्यासारखं नाही, थांबलेल्या सायकलीवरून पडलो, पाय टेकायला गेलो तिथं खड्डा. बांधावर एक आजोबा बसले होते, त्यांनी विचारलं, "बाळ, इंजन नाही काय ह्याला?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग एवढं डोकीला कशाला बांधलास?" ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं.

आज वैजनाथ झाला. कुंदाप्रेमी खरंच आला होता, शिनोळीपर्यंत टिकला, मग म्हणाला तुम्ही जाऊन या मी इथं बसून सायकली सांभाळतो. सायकली तर आमच्याकडंच होत्या. वाटसरूदादांनी सांगितलेला एक टप्पा शोधला, मध्ये एक चर आणि खाली डावीकडं वळण. पहिल्या चार वेळा चरीशी थांबून पाय टेकला. पाचव्या वेळी सीट अजून दोन बोटं खाली केली, चरीच्या पलीकडं एक पळसाचं झाड आहे त्याच्याकडं बघत राहिलो, आणि चाक कधी पार झालं कळलंच नाही, फक्त हाताला हलका धक्का बसला. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात बोट सैल. मागचं चाक थोडं सरकलं आणि सरकून पुन्हा लागलं. सरकू दिलं तर ते आपणच परत येतं हे मला कोणी सांगून पटलं नसतं. एकूण अकरा वेळा केलं. मोज्यांत एवढी कुसळं घुसलीयत की बायको म्हणाली मोजे बाहेरच टाका, पण आज आवाज त्या दिवशीपेक्षा बराच खाली होता.

ताई, डिसेंबरात बैलूरला तुम्ही येणार म्हणालात तर आम्ही तिघं नक्की. भातावरनं टायर जाणार नाही ह्याची हमी.

आता नवीन दुखणं. मागच्या सगळ्यात मोठ्या दातावर टाकलं की खट् खट् असा आवाज येतो, चेन स्वतःहून दोन दात खाली उतरते, आणि कधी कधी स्पोकला काहीतरी लागल्यासारखं वाटतं. केबलचा स्क्रू फिरवून बघितला, दुसरे गियर बिघडले, हे तसंच.

---

स्पोक_नाना (रविवार, दुपारी ३:५२)

त्या दिवशी विचारलेलं, उजवीकडं पडलास काय, उत्तर दिलं नाहीस. जाळीतलं पडणं उजवीकडचंच असणार.

हँगर. मागं उकिडवा बसून बघ, डेरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या दातांच्या सरळ रेषेत दिसायला पाहिजेत, तुझी खालची आत स्पोककडं झुकलेली दिसेल. त्या मोठ्या दातावर आता अजिबात टाकू नकोस, डेरेलर स्पोकमध्ये गेला की चाक, डेरेलर आणि तू, तिघं एकदम. तो तुकडा मऊ अॅल्युमिनियमचा मुद्दामच केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून तो वाकतो. हातानं सरळ करायला जाऊ नको, मोडेल. प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो, त्यामुळं काढून, हातात घेऊन दुकानात जा आणि एकाच्या जागी दोन आण, एक पिशवीत कायमचा ठेव. स्क्रू फिरवलेला तेवढा होता तिथं परत आणून ठेव.